डेस्कटॉप आला, पण टॅली उघडेना: स्टार्टअपची गर्दी कशी आवरायची

मोंढ्यात सौदे लागायच्या आधी आडत दुकानातला मुनीम कॉम्प्युटर लावतो. मिनिटभरात विंडोजचं चिन्ह येऊन जातं, डेस्कटॉपवरचा फोटो दिसतो. तो टॅली या हिशोबाच्या सॉफ्टवेअरवर टिचकी मारतो. काही होत नाही. पुन्हा मारतो, मग चिडून तिसऱ्यांदा. माऊसशेजारी गोल फिरत राहतं आणि चार-पाच मिनिटांनी टॅलीच्या तीन खिडक्या एकदम उघडतात. सेतू केंद्रात हेच दृश्य जरा जास्त तापलेलं असतं, कारण समोर रांग असते आणि अंगठा घेणारं यंत्र नुसतंच लुकलुकत असतं.

यावर ठरलेलं निदान म्हणजे "कॉम्प्युटर जुना झाला, आता बदला." कधीकधी ते खरंही असतं. पण बहुतेक वेळा कॉम्प्युटर तोच असतो, त्याच्या अंगावरचं ओझं वाढलेलं असतं. दोन-तीन वर्षांत टाकलेल्या प्रत्येक सॉफ्टवेअरने "कॉम्प्युटर लागला की मलाही उठवा" असं स्वतःचं नाव यादीत लिहून ठेवलेलं असतं. या यादीलाच स्टार्टअप म्हणतात. बसवताना आपण भराभर "नेक्स्ट, नेक्स्ट" दाबत गेलो, त्यातल्याच एखाद्या पानावर ही परवानगी होती. काहींनी तर विचारलंही नव्हतं.

आपल्याकडे याची किंमत जरा जास्तच मोजावी लागते. जिथे कॉम्प्युटर सकाळी एकदा लागून संध्याकाळी एकदा बंद होतो, तिथे पाच मिनिटांचं थांबणं दिवसातून एकदाच. पण दिवसात चारदा लाईट गेली आणि इन्व्हर्टरने दम तोडला, तर तेच पाच मिनिटं चारदा. वीस मिनिटं नुसतं गोल फिरताना बघण्यात जातात.

बटण दाबल्यापासून काय काय घडतं

आधी मदरबोर्डवरचा छोटा प्रोग्राम, ज्याला जुन्या सवयीने सगळे बायोसच म्हणतात, कीबोर्ड, डिस्क, रॅम जागेवर आहेत का ते बघतो. मग विंडोजचा गाभा रॅममध्ये, म्हणजे चालू कामाच्या तात्पुरत्या जागेत, येतो. त्यामागून ड्रायव्हर, म्हणजे जोडलेल्या यंत्रांशी बोलणारे छोटे प्रोग्राम, येतात आणि त्यानंतर सर्व्हिसेस, म्हणजे खिडकी नसलेले, पडद्याआड चालणारे प्रोग्राम. त्यात छपाईचा, नेटवर्कचा, आवाजाचा, अँटिव्हायरसचा असे सगळे आले. पुढे तुम्ही पासवर्ड किंवा पिन टाकता आणि डेस्कटॉप येतो.

घोळ होतो तो इथे. डेस्कटॉप दिसला म्हणजे कॉम्प्युटर तयार झाला असं आपण धरतो. खरं तर त्याच क्षणी दुसरी फेरी सुरू झालेली असते. यादीतले प्रोग्राम आत्ता कुठे उघडायला लागलेले असतात. तुमची टॅली त्या रांगेत सगळ्यात शेवटी उभी असते, कारण तिला तुम्ही सगळ्यात शेवटी बोलावलं.

ही गर्दी एवढी का तुंबते? तुमच्या कॉम्प्युटरमध्ये फिरणारी हार्ड डिस्क असेल, तर मोंढ्यातलंच उदाहरण घ्या. सोयाबीनच्या हंगामात एकच हमाल आहे आणि वीस ट्रॅक्टर लागलेत. त्याने एक ट्रॅक्टर पुरता उतरवून मग दुसऱ्याला हात लावला तर काम सरकेल. पण सगळ्यांचाच तगादा असल्याने तो इथलं एक पोतं उचलतो, मग पलीकडच्या ट्रॅक्टरचं एक, मग पुन्हा इकडचं. दिवस पोती उचलण्यात जात नाही, चालण्यात जातो. हार्ड डिस्कमधला वाचणारा दांडा हुबेहूब असंच करतो. मिनिटाला 5400 फेरे घेणाऱ्या डिस्कला एका फेरीला 11 मिलिसेकंद लागतात. दांडा योग्य वर्तुळावर नेणं आणि हवा तो तुकडा खाली येईपर्यंत थांबणं, असं धरून एका वाचनाला साधारण 15 ते 18 मिलिसेकंद जातात. म्हणजे विखुरलेले तुकडे वाचायचे असतील तर सेकंदाला जेमतेम 55 ते 65. एका मध्यम प्रोग्रामला उघडताना असे शेकडो तुकडे लागतात. पंधरा प्रोग्राम एकदम मागायला लागले की काय होणार, हिशोब तुम्हीच करा.

एसएसडी म्हणजे चिपची डिस्क. तिच्यात फिरणारं काहीच नसतं, ती सेकंदाला असे हजारो तुकडे देते. त्यामुळे एसएसडी असलेल्या कॉम्प्युटरवर ही गर्दी डोळ्यांना दिसत नाही. पण रॅम मात्र तिथेही खाल्ली जाते. 4 जीबी रॅममध्ये विंडोजचंच बस्तान निम्म्याच्या आसपास बसलेलं असतं. उरलेल्यात दहा बिनकामाचे पाहुणे शिरले की रॅममधला ऐवज डिस्कवर ठेवायचा आणि पुन्हा आणायचा हा खेळ दिवसभर चालतो.

हात लावण्याआधी वेळ मोजा

हे सगळेच टाळतात आणि मग "फरक पडल्यासारखा वाटतोय" एवढंच सांगता येतं. मोबाईलचं स्टॉपवॉच घ्या. तीन आकडे वहीत लिहा: बटण दाबल्यापासून पासवर्डची पाटी येईपर्यंत किती वेळ, पासवर्ड टाकल्यापासून डेस्कटॉप येईपर्यंत किती, आणि तिथून कॉम्प्युटर शांत होईपर्यंत किती. शांत झाला हे ओळखायचं टास्क मॅनेजरवरून. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबल्या की तो उघडतो. त्यात डिस्कचा आकडा 100 टक्क्यांवरून 10 च्या खाली येऊन टिकला की घड्याळ थांबवा.

पहिलाच आकडा मोठा असेल, तर स्टार्टअपची यादी साफ करून उपयोग नाही. दुखणं डिस्कमध्ये, ड्रायव्हरमध्ये किंवा बायोसमध्ये आहे. टास्क मॅनेजरच्या स्टार्टअप पानावर वरच्या कोपऱ्यात "लास्ट बायोस टाइम" असा सेकंदांचा आकडा असतो. तो वीस-पंचवीसच्या पुढे दिसला तर कॉम्प्युटरला लावून ठेवलेले पेन ड्राइव्ह, बाहेरची हार्ड डिस्क, कार्ड रीडर काढून पुन्हा बघा. तिसरा आकडा मोठा असेल तर हा लेख तुमच्यासाठीच आहे.

मोजताना एक फसगत सांभाळा. विंडोज 8 पासून "फास्ट स्टार्टअप" नावाची सोय आली. तुम्ही शट डाउन करता तेव्हा विंडोज आपला गाभा आणि ड्रायव्हर डिस्कवरच्या एका फाइलमध्ये जसेच्या तसे साठवतं आणि पुढच्या वेळी तिथूनच उचलतं. म्हणजे तुमचं शट डाउन पुरतं शट डाउन नसतं. रीस्टार्ट मात्र पूर्ण असतो, त्याला वेळही जास्त लागतो. म्हणून आधीचं मोजमाप रीस्टार्टने केलं असेल तर नंतरचंही रीस्टार्टनेच करा. एक रीस्टार्ट वाया जाऊ द्या, कारण त्यात अडकलेले अपडेट पूर्ण होतात, आणि दुसरा मोजा. "बंद करून चालू केला तरी अडचण तशीच" ही तक्रार बऱ्याचदा या फास्ट स्टार्टअपमुळेच येते. अशा वेळी रीस्टार्ट करा, किंवा शिफ्ट दाबून धरून शट डाउन करा. आणि अचानक लाईट गेली तर ती फाइल तयारच होत नाही, त्यामुळे लाईट आल्यावर कॉम्प्युटर नेहमीपेक्षा सावकाश लागतो. त्यात बिघाड शोधत बसू नका.

टास्क मॅनेजरमधली यादी वाचायची कशी

विंडोज 10 मध्ये टास्क मॅनेजर उघडल्यावर वर "स्टार्टअप" नावाचा भाग दिसतो. छोटीशी खिडकी उघडली तर आधी खालचं "मोअर डिटेल्स" दाबा. विंडोज 11 मध्ये डावीकडच्या पट्टीत "स्टार्टअप ॲप्स" आहे. हीच यादी सेटिंग्जमध्ये ॲप्स आणि मग स्टार्टअप इथेही मिळते, पण तिथे माहिती कमी दिसते.

प्रत्येक ओळीत प्रोग्रामचं नाव, बनवणारी कंपनी, चालू की बंद, आणि "स्टार्टअप इम्पॅक्ट" असतं. हा शेवटचा शब्द अंदाजपंचे नाही, त्यामागे मोजमाप आहे. सुरू होताना प्रोसेसरचा एक सेकंदापेक्षा जास्त वेळ घेतला किंवा डिस्कवर 3 एमबीपेक्षा जास्त वाचन-लेखन केलं तर "हाय". 300 मिलिसेकंद ते एक सेकंद, किंवा 300 केबी ते 3 एमबी, असेल तर "मीडियम". त्याखाली "लो". "नॉट मेजर्ड" म्हणजे प्रोग्राम नुकताच आला आहे किंवा बंद आहे, म्हणून मोजलाच गेलेला नाही. आजच्या काळात 3 एमबी म्हणजे काहीच नाही, त्यामुळे अर्धी यादी "हाय" दिसली तरी घाबरू नका. खरा फरक बघायचा तर वरच्या शीर्षकांवर उजवी टिचकी मारा आणि "डिस्क आयओ ॲट स्टार्टअप", "सीपीयू ॲट स्टार्टअप" आणि "कमांड लाइन" हे तीन रकाने सुरू करा. पहिल्या दोन रकान्यांत प्रत्यक्ष आकडे दिसतात. तिसऱ्यात फाइल कुठे ठेवली आहे ते कळतं. पुढे चोर शोधताना तो कामाला येतो.

यादीत कोऱ्या पांढऱ्या चिन्हाची, नुसतं "प्रोग्राम" एवढंच नाव असलेली ओळ कधीकधी दिसते. ती बहुधा काढून टाकलेल्या एखाद्या सॉफ्टवेअरची मागे राहिलेली नोंद असते. घर पाडलं, पाटी तेवढी राहिली. कमांड लाइनमधली फाइल खरंच जागेवर नाही याची खात्री करून ती बंद करा.

बंद करणं सोपं आहे: ओळीवर उजवी टिचकी, मग "डिसेबल". यात सॉफ्टवेअर काढलं जात नाही. ते आपोआप उठत नाही एवढंच. तुम्ही उघडलं की नेहमीसारखं चालतं. चुकलं तर त्याच जागी "एनेबल". ही धास्ती मनातून गेली की निम्मं काम झालं.

कुणाला बाहेर काढायचं, कुणाला नाही

प्रत्येक ओळीला एकच प्रश्न विचारा: मी स्वतः न उघडता हा चालू असायला हवा का? "मला हा रोज लागतो" हे उत्तर चालत नाही. टॅली रोज लागते, पण ती तुम्ही उघडता.

या कसोटीवर टीम्स, झूम, गाण्यांची आणि गेमची ॲप्स, टॉरेंट, फोन लिंक, पीडीएफ वाचणाऱ्या सॉफ्टवेअरचे "झटपट उघडणारे" मदतनीस, कॉम्प्युटर कंपनीने घालून दिलेली "केअर" आणि "असिस्टंट" छापाची मंडळी बिनदिक्कत बंद करा. व्हॉट्सॲपचं डेस्कटॉप ॲप ज्याच्या-त्याच्या धंद्यावर. गिऱ्हाईक कागदं व्हॉट्सॲपवर पाठवत असेल तर राहू द्या. प्रिंटरसोबत आलेला शाई दाखवणारा प्रोग्राम बंद केला तरी छपाई थांबत नाही, कारण छपाई "प्रिंट स्पूलर" नावाची सर्व्हिस करते. मात्र ऑल-इन-वन प्रिंटरवरचं स्कॅनचं बटण दाबून थेट कॉम्प्युटरवर फाइल घेत असाल, तर ते बटण मुकं होऊ शकतं. मग स्कॅन कॉम्प्युटरवरून करावा लागतो.

वनड्राइव्हच्या, म्हणजे फाइलींची ऑनलाइन प्रत ठेवणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या सोयीच्या, बाबतीत एकदा थांबून बघा. विंडोज 11 बसवताना पुष्कळदा डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स हे फोल्डर नकळत वनड्राइव्हला जोडले जातात. तसं असेल आणि तुम्ही त्याला स्टार्टअपमधून काढलं, तर फाइली जातील असं नाही, पण त्यांची नवी प्रत ऑनलाइन जाणं थांबेल. तुमची सगळी मदार त्या प्रतीवर असेल तर राहू द्या.

आता ज्यांना हात लावू नये असे. लॅपटॉपच्या टचपॅडचा प्रोग्राम बंद केला तर दोन बोटांनी पान सरकवणं जाऊ शकतं. आवाजाचा प्रोग्राम बंद केला तर काही कॉम्प्युटरमध्ये हेडफोन लावल्याचं कळत नाही. "विंडोज सिक्युरिटी नोटिफिकेशन" बंद केल्याने संरक्षण जात नाही, नुसतं चिन्ह जातं. पण इशाऱ्याचं ते चिन्ह दिसत राहिलेलं बरं, आणि त्याचं ओझं नगण्य आहे.

मराठी टायपिंगचा गोंधळ तर हमखास होतो. श्रीलिपी किंवा आयएसएमसारखं सॉफ्टवेअर पडद्याआड चालू असेल तरच कळ दाबल्यावर मराठी अक्षर उमटतं. ते स्टार्टअपमधून गेलं की दुसऱ्या दिवशी ऑपरेटर अर्ज टाइप करतो आणि पडद्यावर इंग्रजी अक्षरांची भेळ येते. विंडोजमधलाच मराठी इन्स्क्रिप्ट कीबोर्ड वापरत असाल, तर त्याची ओळ या यादीत नसतेच. तो टास्क शेड्यूलर या ठरल्या वेळी कामं सुरू करणाऱ्या विंडोजच्या सोयीतल्या "एमएससीटीएफ मॉनिटर" नावाच्या कामावर चालतो. "कॉम्प्युटर फास्ट करा" म्हणून इंटरनेटवर फिरणाऱ्या फाइली हे काम बंद करतात. मग भाषा बदलायची पट्टी गायब होते, आणि स्टार्टच्या शोधपट्टीत काही टाइपच होत नाही.

सेतू केंद्र आणि आडत दुकान

आधारसाठी बोटाचा ठसा घेणाऱ्या यंत्रामागे आरडी सर्व्हिस नावाचा पडद्याआडचा प्रोग्राम असतो. ब्राउझरमधलं पान यंत्राशी थेट बोलत नाही. ते त्याच कॉम्प्युटरवरच्या 11100 ते 11120 या पोर्टवर, म्हणजे प्रोग्रामांनी एकमेकांशी बोलायच्या नंबरांच्या वाटांवर, आरडी सर्व्हिसला हाक मारतं. तिने ओ दिली नाही तर पानावर यंत्र सापडत नसल्याचा संदेश येतो आणि केंद्रचालक केबल काढ-घाल करत बसतो. तेव्हा स्टार्टअप साफ करताना या यंत्राच्या कंपनीच्या नावाची कुठलीही ओळ आणि कुठलीही सर्व्हिस तशीच ठेवा.

लाईट गेल्या-आल्यानंतर अंगठा लागत नसेल, तर स्टार्टमध्ये "सर्व्हिसेस" शोधून ती सर्व्हिस उघडा. "स्टार्टअप टाइप" ऑटोमॅटिक आहे ना बघा. मग "रिकव्हरी" या भागात पहिल्या आणि दुसऱ्या अपयशासाठी "रीस्टार्ट द सर्व्हिस" निवडा. काही जण गर्दी टाळायला तिला "ऑटोमॅटिक डिलेड स्टार्ट" करतात. त्यात विंडोज लागल्यावर ती साधारण दोन मिनिटांनी उठते. घरच्या कॉम्प्युटरवरच्या अपडेट करणाऱ्या सर्व्हिसला हे ठीक आहे. रांग लागलेल्या केंद्रात आरडी सर्व्हिसला नको, कारण पहिली दोन मिनिटं अंगठा घेताच येणार नाही.

डिजिटल सहीच्या टोकनचं तसंच आहे. टोकन लावल्यावर त्यातलं प्रमाणपत्र विंडोजला दाखवायचं काम त्याचा पडद्याआडचा प्रोग्राम करतो. तो बंद असेल तर टोकनचा दिवा लागतो, पण सही करायच्या चौकटीत नाव येत नाही. चार-पाच कॉम्प्युटरवर टॅली चालणाऱ्या पेढीत ज्या एका कॉम्प्युटरवर लायसन्स आहे, तिथे "टॅली गेटवे सर्व्हर" ही सर्व्हिस चालू असावी लागते. ती बंद केली तर बाकीच्या ठिकाणी टॅली एज्युकेशनल मोडमध्ये, म्हणजे लायसन्स नसल्यासारखी शिकण्यापुरती, उघडते आणि महिन्यातल्या ठरावीक दोन-तीन तारखांखेरीज नोंदच घेत नाही. दोष टॅलीचा वाटतो, पण केलेलं असतं स्टार्टअप साफ करणाऱ्याने.

लातूर-नांदेडच्या क्लासेसमधल्या लॅबसाठी एक बारकावा: काही प्रोग्राम फक्त त्या-त्या यूजरच्या नावावर नोंदलेले असतात, काही सगळ्यांसाठी. शिक्षकाच्या खात्यात बंद केलं म्हणून विद्यार्थ्यांच्या खात्यात बंद झालं असं होत नाही. प्रत्येक खात्यात जाऊन बघावं लागतं.

यादीत नाही, तरी उठतोच

टास्क मॅनेजरमध्ये दिसतो तो फक्त पुढचा दरवाजा. विंडोजच्या वाड्याला दारं बरीच आहेत.

सगळ्यात साधं दार म्हणजे स्टार्टअप फोल्डर, त्यातलं बहुतेक टास्क मॅनेजरच्या यादीतही दिसतं. विंडोजची कळ आणि आर एकत्र दाबा, येणाऱ्या चौकटीत इंग्रजी अक्षरांत "शेल", मग कोलनचं चिन्ह, मग "स्टार्टअप" असं मध्ये जागा न सोडता टाइप करून एंटर द्या. यात जो शॉर्टकट असेल तो उठतो. सगळ्या यूजरसाठी असाच दुसरा फोल्डर आहे. त्यासाठी कोलननंतर "कॉमन", एक जागा, मग "स्टार्टअप". दुसरं दार टास्क शेड्यूलर. तिथे "ॲट लॉग ऑन" असा इशारा लावलेली कामं तुम्ही आत आलात की सुरू होतात. अपडेट करणाऱ्यांची गर्दी इथे असते. तिसरं सर्व्हिसेस. तिथे चाळवाचाळव करायची तर "एमएसकॉन्फिग" हे विंडोजचंच साधन उघडा, सर्व्हिसेसच्या भागात आधी "हाइड ऑल मायक्रोसॉफ्ट सर्व्हिसेस" वर खूण करा आणि मगच उरलेल्या बघा. ही खूण न करता "डिसेबल ऑल" दाबलं तर विंडोजच्या स्वतःच्या सर्व्हिसेसही जातात, आणि मग नेटवर्कपासून पिनपर्यंत काहीही अडू शकतं. त्याच खिडकीतल्या "सेफ बूट" ला तर शिवूही नका. ती खूण राहिली तर कॉम्प्युटर दर वेळी सेफ मोडमध्येच, म्हणजे अगदी मोजक्या गोष्टींसह, लागत राहतो.

ब्राउझर वेगळीच चलाखी करतात. एजमध्ये "स्टार्टअप बूस्ट" नावाची सोय त्याला आधीच अर्धवट जागं करून ठेवते. क्रोममध्ये सेटिंग्जच्या सिस्टिम भागात "क्रोम बंद केल्यावरही पडद्याआड ॲप्स चालू ठेवा" अशा अर्थाचा खटका आहे. 4 जीबीच्या कॉम्प्युटरवर दोन्ही बंद करा. आणि यादीत काहीच नसताना काल उघडी राहिलेली ॲप्स आज आपोआप उघडत असतील, तर सेटिंग्ज, अकाउंट्स, साइन-इन ऑप्शन्स इथे "रीस्टार्ट ॲप्स" बंद करा. हे दार पुष्कळांना माहीतच नसतं.

सगळी दारं एका जागी बघायची तर "ऑटोरन्स" हे मायक्रोसॉफ्टच्या साइटवर फुकट मिळणारं साधन आहे. मार्क रुसिनोविच आणि ब्राइस कॉगस्वेल यांच्या सिसइंटर्नल्समधून ते आलं. 2006 मध्ये मायक्रोसॉफ्टने सिसइंटर्नल्स विकत घेतली. ते बसवावं लागत नाही, ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून नुसतं चालवायचं. उघडल्यावर आधी ऑप्शन्समधून मायक्रोसॉफ्टच्या नोंदी लपवा, नाहीतर शेकडो ओळी बघून डोकं गरगरतं. पिवळी ओळ म्हणजे नोंद आहे पण फाइल नाही. गुलाबी म्हणजे बनवणाऱ्याची ओळख पटत नाही. गुलाबी दिसलं की चोरच असतो असं नाही. छोट्या कंपन्यांच्या आणि सरकारी कामाच्या कित्येक सॉफ्टवेअरवर नीट डिजिटल सही नसते. इथे फक्त खूण काढा, "डिलीट" करू नका. आणि इथून बंद केलेली नोंद टास्क मॅनेजरच्या यादीतून नाहीशी होते, म्हणून परत चालू करायलाही ऑटोरन्समध्येच यावं लागतं.

परत येणारे आणि लपलेले

काही प्रोग्राम बंद केल्यावर पुढच्या अपडेटला पुन्हा नाव लिहून मोकळे होतात. त्यांना टास्क मॅनेजरमधून रोज हाकलण्यापेक्षा त्यांच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये जा. "स्टार्ट विथ विंडोज" किंवा "लाँच ॲट लॉगइन" अशी खूण असते, ती काढा. तरीही येत असेल आणि कामाचा नसेल, तर काढूनच टाका. "बूस्टर" आणि "क्लीनर" नावाची फुकट सॉफ्टवेअर याच जातीतली. कॉम्प्युटर वेगवान करायला म्हणून येतात आणि स्वतः स्टार्टअपमध्ये ठाण मांडतात. दोन अँटिव्हायरस एकत्र ठेवणं त्याहून वाईट. प्रत्येक फाइल उघडताना दोघंही तपासतात.

झेरॉक्स आणि प्रिंटच्या दुकानात दिवसभर दहा जणांचे पेन ड्राइव्ह लागतात. तिथे कमांड लाइनचा रकाना नीट वाचा. बनवणाऱ्याचं नाव नाही, फाइल "ॲपडेटा" किंवा "टेम्प" फोल्डरमध्ये आहे, आणि ती "डब्ल्यूस्क्रिप्ट" किंवा "पॉवरशेल" या आज्ञांच्या फाइली चालवणाऱ्या विंडोजच्या प्रोग्रामांमार्फत चालते, असं तिन्ही जुळलं तर तो शॉर्टकट व्हायरस असण्याची शक्यता फार. पेन ड्राइव्हमधल्या फोल्डरांच्या जागी शॉर्टकट दिसणं ही त्याचीच खूण. इथे डिसेबल करून भागत नाही, कारण चालू असलेली प्रत पुन्हा नोंद करते. विंडोज सिक्युरिटीत व्हायरस संरक्षणाच्या स्कॅन ऑप्शन्समध्ये डिफेंडर या विंडोजच्या स्वतःच्या अँटिव्हायरसचा "ऑफलाइन स्कॅन" आहे तो चालवा. कॉम्प्युटर बंद होऊन विंडोज लागण्याआधीच तपासणी होते, साधारण पंधरा मिनिटं जातात. यूपीएस धड नसेल तर लाईटचा भरवसा बघून मगच सुरू करा. गिऱ्हाइकाच्या फाइली बहुधा गेलेल्या नसतात, लपवलेल्या असतात. पेन ड्राइव्ह फॉरमॅट करायची घाई नको.

बंद करताना एका दमात पंधरा ओळी उडवू नका. तीन-चार बंद करा, नावं वहीत लिहा, रीस्टार्ट करा, एक दिवस नेहमीचं सगळं काम करून बघा: छपाई, स्कॅन, अंगठा, सही, मराठी टायपिंग. मग पुढच्या तीन-चार. पंधरा एकदम बंद केल्या आणि स्कॅनर रुसला, तर कुणामुळे रुसला ते शोधण्यात दुपार जाते.

एवढं करूनही डिस्क 100 टक्क्यांवरच राहत असेल, तर टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स भागात डिस्क एसएसडी आहे की एचडीडी, म्हणजे फिरणारी हार्ड डिस्क, ते बघा. एचडीडी असेल तर स्टार्टअप साफ करून मिळणाऱ्या फायद्याला तिथे मर्यादा आहे. जुन्याच कॉम्प्युटरमध्ये एसएसडी घालणं हा खर्च सार्थकी लागतो. रॅम त्यानंतर. विंडोज 10 च्या नेहमीच्या अपडेटची मुदत 14 ऑक्टोबर 2025 ला संपली आहे, तेव्हा खर्च करण्याआधी तुमचा कॉम्प्युटर विंडोज 11 घेतो का हेही विचारून घ्या.

आणि एखादा मुद्दाम उठवायचा असेल तर

यादी रिकामी झाली की उलटं कामही करता येतं. बिलाचं सॉफ्टवेअर आपोआप उघडावं असं वाटत असेल तर त्याचा शॉर्टकट वर सांगितलेल्या स्टार्टअप फोल्डरमध्ये टाका. पण त्या सॉफ्टवेअरचा डेटा नेटवर्कवरच्या दुसऱ्या कॉम्प्युटरमध्ये असेल तर हा मार्ग दगा देतो. वाय-फाय किंवा तो दुसरा कॉम्प्युटर तयार व्हायच्या आत हे उघडतं, त्याला फोल्डर सापडत नाही आणि "डेटा नाही" असा पोटात गोळा आणणारा संदेश येतो. तिथे टास्क शेड्यूलर वापरा: "क्रिएट टास्क" मध्ये जाऊन ट्रिगर "ॲट लॉग ऑन" ठेवा, खाली "डिले टास्क फॉर" वर खूण करून एक मिनिट निवडा, आणि ॲक्शनमध्ये त्या प्रोग्रामची फाइल द्या. "कंडिशन्स" मध्ये लॅपटॉप फक्त चार्जरवर असतानाच काम सुरू करण्याची खूण आधीपासून असते. ती काढायला विसरू नका, नाहीतर लाईट नसलेल्या दिवशी ते उघडणारच नाही.